मोटारीला शिडाची कडी

आगरदांड्याच्या रेहानाचं एक म्हणणं होतं, आणि ते ऐकून अख्खं गाव हसायचं. म्हणणं एवढंच, की सतरा वर्षांची असताना तिनं एका मुंबईच्या साहेबाच्या मोटारीचा टप, म्हणजे वरचं कापडी छत, स्वतःच्या हातानं शिवला होता. मोटार तरी साधीसुधी असावी? तर नाही. विलायतेची, बुटकी, दोनच माणसांची, शर्यतीत पळणारी. आता तुम्हीच सांगा, जिच्या दारात सायकल नाही तिनं असलं काही सांगितलं तर लोक हसणार नाहीत तर काय हार घालणार? गावात कुणी मोठ्या बाता मारायला लागला की म्हणायचे, "चालली रेहानाची मोटार."

परक्यांचं हसणं तिनं कधी मनाला लावून घेतलं नाही. पण गेल्या महिन्यात दिघीला एका लग्नात तिचा मुलगा तबरेज, कुवेतहून सुट्टीवर आलेला, भर पंगतीत सासुरवाडीच्या माणसांना म्हणाला, "आमच्या अम्मीनं साहेबाची मोटार शिवली होती. आता विमान शिवायचं चाललंय." पंगत खो खो हसली. बिर्याणीचा घास तिच्या हातातच राहिला. पोटचा पोरगा! तिनं तिथल्या तिथं मनाशी ठरवलं, यापुढे मोटारीचं नाव काढायचं ते पुराव्यानिशी, नाहीतर मरेपर्यंत काढायचं नाही.

आता खरं काय घडलं होतं ते ऐका.

रेहानाचे अब्बा वहाब शिडं शिवायचे. तेव्हा इंजिनं आली होती, तरी खाडीत शिडाच्या होड्या अजून बऱ्याच होत्या, आणि वहाबच्या हातचं शीड म्हणजे दहा वर्षं बघायला नको. शिडाच्या काठाला आतून दोर शिवायचा, म्हणजे वाऱ्यात काठ फाटत नाही. कोपऱ्याकोपऱ्यात त्याच दोराचं कडं वळायचं, म्हणजे बांधायला सोय. आणि सगळं झालं की खालच्या कोपऱ्याच्या दुमडीत, आत, लाल दोऱ्यानं आपली खूण करायची आणि दुमड शिवून टाकायची. बाहेरून काही दिसत नाही, पण उसवलं की कळतं शीड कुणाच्या हातचं. वहाबची खूण म्हणजे तीन उभे टाके आणि त्यांच्यावरून उजवीकडे चढत गेलेला एक तिरपा.

त्यांच्या घराण्याची आणखी एक रीत होती. मुलगा एकट्यानं शीड शिवायच्या लायकीचा झाला की बाप त्याला आपलीच खूण द्यायचा, पण उलटी करून. बापाचा तिरपा टाका उजवीकडे चढत असेल तर लेकाचा डावीकडे. वहाबला मुलगा नव्हता. तीन मुली, त्यांतली रेहाना धाकटी. "वहाबची खूण वहाबबरोबरच मातीत जाणार," असं लोक तोंडावर म्हणायचे. वहाब काही बोलायचे नाहीत. ते मुळात कमीच बोलायचे. रेहाना त्यांच्या शेजारी बसून दोऱ्याला मेण लावायची, टाके घालायची, पण तिच्या नावाची खूण असा काही विषयच कधी निघाला नाही.

एके दिवशी ती हिरवी मोटार दारात येऊन उभी राहिली. साहेब मुरूडला बंगल्यावर उतरला होता. काशीदच्या सरळ रस्त्यावर गाडी सोडली आणि कापडी टप वाऱ्यानं टरकावला. तीन दिवसांनी मुंबईला परतायचं होतं. कुणीतरी सांगितलं, कॅनव्हासचं काम वहाबशिवाय कुणी करणार नाही. वहाब 'हो' म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यांच्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालेलं. अंगठा वांग्यासारखा सुजलेला, वर हळदीचं पोटीस बांधलेलं. साहेब गेल्यावर त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "रेहाना, दाभण घे." मग जरा थांबून म्हणाले, "साहेबाला कळता कामा नये. पोरीनं शिवलंय म्हटलं की न बघताच चूक काढील."

रेहानानं तीन दिवस शिवलं. बोटांची सालटं निघाली. आणि हाताला जी सवय, तेच हातून झालं. टपाच्या काठात तिनं दोर शिवला आणि चारही कोपऱ्यांना चार कडी वळून टाकली. अहो, मोटारीला कडी कशाला? ती काय डोलकाठीला बांधायची आहे? पण हे तिच्या ध्यानात आलं ते सगळं झाल्यावर. उसवायला वेळ नव्हता. वहाबनी कड्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "राहू दे. जा, चहा टाक. कोपरा मी बंद करतो." ती आत गेली. परत आली तेव्हा अंगठ्याला पोटीस बांधलेले अब्बा डाव्या हातानं शेवटचा टाका ओढत होते.

साहेब कडी बघून मोठ्यानं हसला. "वहाब, गाडी समुंदर में उतारना है क्या?" दाराआड उभ्या रेहानाचे कान तापले. पण साहेबानं कडं धरून जोरात ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, आणि म्हणाला, "छान काम आहे. असू दे." गाडी गेली ती गेली. पुढे होड्यांना सगळीकडे इंजिनं बसली, शिडं संपली, अब्बा गेले. राहिलं ते रेहानाचं म्हणणं, आणि त्याला साक्षीदार कुणी उरला नाही.

लग्नाच्या त्या पंगतीला पंधरा दिवस झाले असतील. नात जुनेरा, तबरेजची मुलगी, अलिबागच्या कॉलेजात जाते. ती मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आली. "दादी, अलिबागच्या पुढे एका शेठच्या वाडीत जुन्या गाड्यांचं म्युझियम उघडलंय. शर्यतीच्या गाड्या. बघ तरी."

रेहाना भाकरी थापत होती. एकेक गाडी सरकत होती, लाल, पांढरी, पिवळी. मग एक हिरवी आली. टप चढवलेली. टपाच्या कोपऱ्यात दोराचं कडं.

भाकरी तव्यावर करपली. घरादारात धूर झाला, पण रेहानाची नजर काही मोबाइलवरून हलेना.

"तबरेज!" तिनं हाक मारली ती शेजारच्या घरात ऐकू गेली. "रविवारी मला अलिबागला न्यायचंस. एक शब्द बोलायचा न्हाय."

तबरेजनं आईचा चेहरा बघितला आणि मान डोलावली.

रविवारी सकाळी तिघं निघाली. मुरूड गेलं, काशीद गेलं, रेवदंड्याचा पूल आला. रेहाना ठेवणीतला जांभळा दुपट्टा डोक्यावरून घेऊन ताठ बसली होती. पुलावर तबरेज न राहवून म्हणाला, "अम्मी, जगात हिरव्या गाड्या काय थोड्या हायत? निघाली दुसरीच तर उगाच जिवाला लावून घेशील."

"दुसरी निघाली तर दिघीच्या त्या पंगतीला परत बोलव आणि मी सोता सांगते, खोटं बोलले म्हणून. मग तर झालं?"

 तबरेजला आईची चेष्टा करायला आवडायचं, पण ती अशी कबुली द्यायला निघालीय हे काही त्याला रुचलं नाही.

म्युझियम म्हणजे नारळीच्या वाडीत बांधलेली मोठी थोरली शेड. आत गारेगार हवा आणि आरशासारख्या गाड्या. लोक फोटो काढत होते. रेहाना कुठल्याच गाडीकडे न बघता सरळ चालत गेली. हिरवी गाडी मधोमध होती, भोवती जाड दोरी लावून. समोर पाटी. पिशवीतला चष्मा काढायलाही तिला धीर नव्हता, म्हणून जुनेरानं मोठ्यानं वाचलं. गाडी कुठल्या साली बनली, ताशी किती पळायची, मालक मुरूडला बंगल्यावर यायचे, वगैरे वगैरे. शेवटी लिहिलं होतं, "छताच्या काठात शिवलेला दोर आणि चारही कोपऱ्यांतील हाताने वळलेली कडी हा इंग्लिश कारागिरांच्या कल्पकतेचा दुर्मिळ नमुना."

"काय?" रेहाना म्हणाली. "परत वाच."

जुनेरानं परत वाचलं. तेव्हा रेहाना अशी हसली की चार माणसं वळून बघायला लागली. "कल्पकता? अगं बाई, चूक हाय ती माझी! माझी चूक! इंग्लिश कारागीर म्हणे!" हसता हसता तिचे डोळे भरून आले.

पाटीशेजारी मृणाल नावाची मुलगी उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाड्यांची माहिती देण्याचं तिचं काम. ती हळूच पुढे आली. "आजी, काय झालं?"

"दादी म्हणते, हा टप तिनं शिवलाय," जुनेरा म्हणाली.

मृणालनं रेहानाकडे बघितलं, टपाकडे बघितलं. हसली नाही, एवढं तिचं कौतुक. "जवळून बघायचंय? पण हात नका लावू हं." तिनं दोरी सोडली.

रेहाना टपाशी गेली. चष्मा चढवून वाकली. कड्याच्या इतकं जवळ नाक नेलं की तबरेजला वाटलं आता हिला ओरडा बसणार. तिनं काठावरून नजर फिरवली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. मग सावकाश सरळ झाली. चेहरा पार उतरला होता.

"हा माझा न्हाय," ती म्हणाली.

तबरेजनं डोळे मिटून घेतले. "दादी!" जुनेरा कळवळून म्हणाली, "कडी तर आहेत ना!"

"कडी हायत. पण टाका मशीनचा हाय. कडं पण कुणीतरी बघून बघून वळलंय, पीळ उलटा हाय. माझ्या हातचं न्हाय हे." तिनं 'हो' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? कडी समोर होती, पाटी समोर होती, पोरगा मागे उभा होता. पण खोटं नाव लावून घ्यायला ती थोडीच इथवर आली होती? जे माझं न्हाय ते न्हाय. तिनं दुपट्टा सावरला. "चल तबरेज. बोलव तुझ्या पंगतीला."

"थांबा, थांबा, आजी!" मागून आवाज आला. निळ्या कपड्यांतला एक म्हातारा गाडीखालून अर्धा बाहेर आला होता. तिथल्या सगळ्या गाड्यांची देखभाल करणारा अंबाजी मिस्त्री. कपड्याला हात पुसत तो उभा राहिला. "मशीनचा टाका हाय, हे तुम्हाला नुसतं बघून कळलं? मोठमोठे जाणकार येऊन गेले, एकाला कळलं न्हाय. व्हय, नवाच हाय हा टप. जुना विरला होता. मीच जुन्यावरून हुबेहूब करून घेतला पुण्याला. ती कडी बघून कारागीर म्हणाला, कशाला पाहिजेत ही? मी म्हटलं, विलायतेवाल्यांनी केलीत म्हणजे काहीतरी कारण असणार, तू गुमान कर."

रेहाना दोन पावलं परत आली. "आणि जुना?"

"मागं हाय. टाकवला न्हाय मला. असली शिवण मी जन्मात बघितली न्हाय."

अंबाजीनं चादरीत गुंडाळलेलं बोचकं आणलं आणि लांबड्या टेबलावर सोडलं. कॅनव्हास पिवळा पडला होता, घड्यांवर विरला होता, पण काठ मात्र जागच्या जागी होता. रेहानानं आता कुणाला विचारलं नाही. सरळ हात ठेवला. बोटं काठावरून चालत गेली, कड्यात शिरली, बाहेर आली. शिवताना सोललेली तीच बोटं आता सुरकुतली होती. ती हसायला लागली, आणि यावेळी डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हा माझा."

"अम्मी," तबरेज खालच्या आवाजात म्हणाला, "लोक विचारतील कशावरून. कुणीपण म्हणू शकतो माझा."

"बरोबर विचारलंस. खालचा डावा कोपरा उसवा. दुमडीत आत लाल दोऱ्यानं तीन उभे टाके असतील आणि उजवीकडे चढणारा एक तिरपा. माझ्या अब्बांची खूण. मी शिवलं तरी काम त्यांच्या नावाचं, म्हणून कोपरा त्यांनीच बंद केला. नसली खूण, तर मी खोटी."

मृणाल घुटमळली. म्युझियमची वस्तू, उसवायची म्हणजे काय? तिनं अंबाजीकडे बघितलं. अंबाजी म्हणाला, "मॅडम, आपण पाटीवर काय लिहिलंय ते खरं की खोटं, हे आपल्याला नको का कळायला?" मृणालनं क्षणभर ओठ चावला आणि मान हलवली. आणखी आठदहा जण टेबलाभोवती जमले होते. अंबाजीनं पातं घेतलं आणि एकेक टाका कापत गेला. पंचेचाळीस वर्षांत घट्ट बसलेली दुमड उलगडायला तयार नव्हती. शेवटी उघडली.

आत कापड कोरं करकरीत होतं. आणि त्यावर लाल दोरा. तीन उभे टाके, वेडेवाकडे. आणि वरून एक तिरपा.

"आहे!" जुनेरा ओरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तबरेज मात्र वाकून बघत राहिला. "थांब गं. अम्मी, तू म्हणालीस उजवीकडे चढतो. हा तर डावीकडे चढलाय."

टाळ्या थांबल्या. अंबाजीनं कोपरा फिरवून बघितला. फिरवला तरी तसाच. "मागच्या बाजूनं तर बघत न्हाय आपण?" असं म्हणून त्यानं कापड उलटं केलं. गाठी मागे होत्या. म्हणजे सुलटी बाजू हीच. टाका डावीकडेच चढत होता.

 रेहानानं टेबलाची कड धरली. जुनेरानं घाबरून तिचा दंड पकडला. "दादी? चुकून झालं असेल का गं? त्यांचा अंगठा दुखत होता ना."

"अंगठा दुखत होता म्हणून वाकडे आलेत," रेहाना म्हणाली. "डाव्या हातानं केलीय. पण उलटी चुकून न्हाय केली. माझा बाप खुणेत चुकणारा माणूस न्हाय." मग ती मुलाकडे वळली. "तबरेज, बाप आपली खूण उलटी करून कुणाला द्यायचा?"

तबरेजनं लहानपणी हे शंभरदा ऐकलं होतं. शंभरदा कंटाळून ऐकलं होतं. "लेकाला," तो म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला कळलं.

"मला चहा टाकायला धाडलं," रेहाना म्हणाली. "आणि मागं बसून, अंगठ्याला पोटीस असताना, डाव्या हातानं मला खूण दिली त्यांनी. मला! बोलले न्हाय. मरेपर्यंत बोलले न्हाय. आणि मी येडी इतकी वर्षं म्हणत राहिले, त्यांच्या नावाचं काम म्हणून." ती रडली. चारचौघांत, परक्या शेडमध्ये, हिरव्या गाडीसमोर, मोकळी रडली, आणि रडताना मान मात्र ताठ होती.

मागून कुणी मुंबईचे पाहुणे नुकतेच आले होते. त्यांतल्या एकानं विचारलं, "काय झालं? कोण आहेत या बाई?"

तबरेज वळला. दिघीच्या पंगतीत लागला होता त्याहून मोठा आवाज लावून म्हणाला, "माझी अम्मी. या गाडीचा टप तिनं शिवलाय. सतरा वर्षांची होती."

मृणालनं वही काढली. "आजी, पाटी बदलायची. आजच शेठना कळवते. नाव काय लिहू? तुमचे वडील..."

"रेहाना लिही. वहाबची लेक, आगरदांडा. आणि ते कल्पकता वगैरे पुसून टाक. चूक झाली होती असं लिही." मग जरा विचार करून म्हणाली, "चूक झाली होती, पण मजबूत झाली होती, असं लिही."

जुन्या टपासाठी काचेची पेटी करायची असं तिथंच ठरलं. अंबाजी विचारत होता, कोपरा पुन्हा शिवून टाकायचा का, घराण्याची रीत खूण आत ठेवायची आहे म्हणून.

"न्हाय," रेहाना म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं झाकून राहिली. पुष्कळ झालं. उघडी ठेवा. फक्त कड विरतेय तेवढी मला धरू दे. दाभण हाय का?"

दाभण होतं. दोऱ्याला मेणही होतं. लोक मोबाइल धरून उभे होते. रेहानानं खुर्ची ओढली, चष्मा नीट बसवला आणि कापड मांडीवर घेतलं. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. जुनेरा पुढे झाली, पण तिच्या आधी तबरेज आईच्या पायाशी खाली बसला आणि त्यानं टोक हातात घेतलं.

"नीट धर," रेहाना म्हणाली. "ढिलं सोडलंस तर टाका वाकडा येईल, आणि लोक म्हणतील, बघा, रेहानाच्या पोराला धरतासुद्धा येत न्हाय."